क्रूझवर कंटाळा येऊ नये म्हणून: मराठवाड्यातल्या प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नांदेड, परभणी, लातूर, बीडकडून क्रूझला निघणाऱ्यांचं पहिलं कोडं तिकिटाचं नसतं. "दोन-तीन दिवस नुसत्या पाण्यावर करायचं काय?" हे असतं. खालची उत्तरं मुख्यतः मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या फेऱ्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. सिंगापूरकडच्या मोठ्या जहाजांनाही त्यातलं बरंचसं लागू पडतं.

जहाजावर खरंच कंटाळा येतो का?

येतो, पण तो ठरावीक वेळी येतो. पहिली वेळ म्हणजे मोबाइलची रेंज गेल्यानंतरचा पहिला तास. दुसरी, दुपारी २ ते ५. जेवण जड झालेलं असतं, डेकवर ऊन रणरणत असतं आणि नाट्यगृहाचे कार्यक्रम संध्याकाळीच सुरू होणार असतात. तिसरी वेळ परतीच्या दिवसाची सकाळ. तेव्हा बॅगा भरून झालेल्या असतात आणि केबिन सोडायला सांगितलेलं असतं. या तीन वेळांची सोय घरूनच करून नेली तर बाकीचा वेळ आपसूक जातो. जहाजावर कार्यक्रमांचा दुष्काळ नसतो. उलट एकाच वेळी तीन ठिकाणी काहीतरी चालू असतं आणि आपण चौथ्याच ठिकाणी रांगेत उभे असतो.

पहिल्यांदा जातोय. किती रात्रींची फेरी घ्यावी?

दोन किंवा तीन रात्रींची. एका रात्रीत जहाजाचे जिने ओळखीचे होईपर्यंत उतरायची वेळ येते. पाच रात्रींची फेरी पहिल्याच खेपेला नको, कारण समुद्र मानवतो की नाही ते अजून ठाऊक नसतं.

जहाजाचा आकारही बघा. २०२१ पासून मुंबईहून फेऱ्या करणारं 'एम्प्रेस' हे १९९० साली बांधलेलं, २११ मीटर लांबीचं मध्यम जहाज आहे. सिंगापूरहून सुटणारी काही जहाजं ३४० मीटरच्या पुढची असतात. त्यांच्यावर खेळायला-बघायला बरंच काही सापडतं. मोठ्या जहाजाचे व्हिडिओ पाहून मध्यम जहाजावर चढलं की पहिल्या संध्याकाळीच हिरमोड होतो. व्हिडिओ कोणत्या जहाजाचा आहे, तेवढं आधी वाचा.

मोबाइलला रेंज मिळते का? वाय-फाय घ्यावं का?

बंदर सोडल्यावर थोडा वेळ मिळते, मग जाते. किनाऱ्याजवळून जाताना अधूनमधून एखादी काडी दिसते, पण तिच्यावर विसंबू नका. खरी अडचण वेगळीच आहे. खोल समुद्रात जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरचं मोबाइल नेटवर्क चालू होतं आणि रोमिंग सुरू असेल तर फोन मुकाट्याने त्याला जोडला जातो. आपल्या नेहमीच्या रिचार्जमध्ये ते धरलेलं नसतं, त्यामुळे एखाद्या मिनिटाचं बिलही महागात पडतं. म्हणून जहाज हललं की फोन फ्लाइट मोडवर टाका आणि वाटल्यास नुसतं वाय-फाय चालू करा.

वाय-फायचे पैसे वेगळे पडतात आणि ते उपग्रहावरून येतं. निरोप, फोटो जातात. व्हिडिओ कॉल अडखळतो. पॅक बहुधा एका उपकरणाचा असतो, पण एका फोनवरून बाहेर पडून दुसऱ्यावर लॉगिन करता येतं. चौघांच्या कुटुंबाला एक पॅक पुरतो, फक्त तो कुणाकडे कधी यावर भांडण होणार हे धरून चला.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओटीपी. मोबाइल नेटवर्क नसलं की बँकेचा एसएमएस येत नाही, मग वाय-फाय असूनही व्यवहार अडतो. बँकेचा हप्ता, परीक्षेचा फॉर्म, रब्बीचा पीकविमा, विजेचं बिल, ज्याची ज्याची तारीख त्या दिवसांत येते ते चढण्याआधीच उरकून टाका. जहाजावरचा खर्चही यूपीआयवर होईल असं धरू नका. चालू असलेलं कार्ड जवळ ठेवा. रोख अनामत घेतात का, हे बुकिंग करतानाच विचारा.

मग करमणुकीचं काय काय डाउनलोड करून न्यावं?

गाणी, दोन-तीन सिनेमे, मुलांसाठी कार्टून, वाचणाऱ्यांसाठी ई-पुस्तकं आणि संपूर्ण किनारपट्टीचा ऑफलाइन नकाशा. हे सगळं घरच्या वाय-फायवर करा. मुंबईच्या स्टेशनवर उभं राहून करू नका.

डाउनलोड केलेलं ऐनवेळी उघडत नाही, यामागे बहुधा तीनपैकी एक कारण असतं. काही ॲपमध्ये उतरवलेला भाग ठरावीक मुदतीनंतर बंद पडतो. काही ॲप उघडताना इंटरनेट मागतात. कधी नुसतं चित्र उतरलेलं असतं, फाइल अर्धवटच असते. उपाय साधा आहे. निघायच्या आदल्या रात्री फोन फ्लाइट मोडवर टाका आणि प्रत्येक गोष्ट अर्धा मिनिट चालवून बघा. जे चाललं नाही ते त्याच रात्री पुन्हा उतरवा.

नकाशा का न्यायचा? कारण फ्लाइट मोडमध्येही फोनचा जीपीएस चालतो. उघड्या डेकवर गेलात की निळा ठिपका समुद्रात सरकताना दिसतो. केबिनमध्ये तो सापडणार नाही, कारण भोवती पोलाद असतं. त्याच कारणाने फोनमधलं होकायंत्रही जहाजावर भलतीच दिशा दाखवतं. तिच्यापेक्षा सूर्यावर भरवसा ठेवा.

रेंज नसेल तर एकमेकांना शोधायचं कसं?

बाराजणांचं कुटुंब असेल तर हा प्रश्न करमणुकीपेक्षा मोठा आहे. अर्धा दिवस "काका कुठे गेले" यातच जातो. पहिल्याच संध्याकाळी एक जागा आणि दोन वेळा ठरवा. उदाहरणार्थ, मधल्या जिन्याजवळ, दुपारी १ आणि रात्री ८ वाजता. केबिनमधला फोन दुसऱ्या केबिनला लागतो, त्यासाठी नंबरांची चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात असू द्या. एका केबिनच्या दारावर कागद लावून "पोहायला गेलो, ५ ला येतो" असं लिहिलं तरी काम भागतं. बहुतेक केबिनांची दारं आणि भिंती पोलादाच्या असतात, त्यामुळे फ्रिजवर लावतो तसं एखादं चुंबक पुरतं.

सगळ्यांनी सगळीकडे एकत्र गेलंच पाहिजे, हा हट्ट मात्र सोडा. निम्मे लोक कंटाळतात ते त्यामुळेच.

रोजचा कार्यक्रम कुठे कळतो? त्यातलं काय निवडायचं?

आदल्या रात्री केबिनमध्ये छापील पत्रक येतं किंवा जहाजाच्या ॲपवर दिसतं. पेन घेऊन बसा आणि दिवसातल्या तीनच गोष्टींना गोल करा. सकाळची एक, दुपारची एक, रात्रीची एक. दुपारची आधी निवडा, कारण खड्डा तिथे असतो. प्रश्नमंजुषा, नाच शिकवणं, स्वयंपाकाचं प्रात्यक्षिक, टॉवेलच्या घड्यांचे हत्ती-हंस करून दाखवणं, असं काहीतरी त्या वेळेत हमखास असतं. टॉवेलचं प्रात्यक्षिक पोरकट वाटतं, पण लग्नातल्या रुखवताची हौस असलेल्या बायका तिथून अर्ध्या तासात दोन-तीन नमुने शिकून उठतात.

रात्रीचा मुख्य खेळ बहुधा दोनदा होतो. पहिल्या खेळाला लहान मुलांची कुटुंबं गर्दी करतात. तुम्हाला घाई नसेल तर दुसरा घ्या. दोन्हीपैकी कुठलाही असो, २० मिनिटं आधी जा. नाट्यगृह पुष्कळदा जहाजाच्या पुढच्या टोकाला असतं आणि तिथे हेलकावे जास्त जाणवतात. ज्याला मळमळतं त्याला दाराजवळची खुर्ची द्या.

पहिल्या दिवशीची सुरक्षा-कवायत मात्र निवडीची बाब नाही. सात लहान भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. तो ऐकून कुठे जमायचं ते तिथे कळतं. ती टाळून पोहायला जाणाऱ्याला शोधून आणतात.

डेकवर नुसतं पाणी बघून काय मिळतं? कुठल्या बाजूला उभं राहावं?

इथे बहुतेकांचं चुकतं. समुद्र हाही कार्यक्रमच आहे, पण त्याची वेळ ठरलेली असते आणि बाजूसुद्धा.

पुढे तोंड करून उभं राहिल्यावर डावी ती पोर्ट आणि उजवी ती स्टारबोर्ड. मुंबईहून दक्षिणेला निघालात की जमीन डाव्या हाताला आणि मोकळा समुद्र उजव्या हाताला. म्हणजे जाताना सूर्यास्त उजवीकडे, दुसऱ्या दिवशीचा सूर्योदय डावीकडे. परतीला नेमकं उलट. केबिनला गच्ची असेल तर बुकिंग करताना हे ध्यानात घ्या, नाहीतर पैसे मोजून सूर्यास्ताला भलत्याच बाजूला बसाल.

मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्याहून सुटताना पहिला तास उजव्या कठड्याशी राहा. गेटवे आणि ताज एकापाठोपाठ सरकतात, मग कुलाब्याचं टोक आणि त्यापुढे प्राँग्सचा दीपस्तंभ. डावीकडे मागे घारापुरी राहते. त्यानंतर डाव्या बाजूला या. अलिबागजवळ समुद्रातल्या खांदेरीवर कान्होजी आंग्रे दीपस्तंभ आहे. अंधार पडल्यावर प्रत्येक दीपस्तंभाची लुकलुक वेगळी असते. एका झळकेपासून पुढच्या झळकेपर्यंतचे सेकंद मोजले की दोन दीपस्तंभ वेगळे ओळखता येतात. खलाशी वर्षानुवर्षं हेच करत आले.

पुढे किनाऱ्याने जंजिरा, पद्मदुर्ग, हर्णैचा सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, मालवणचा सिंधुदुर्ग अशी रांग आहे. ते दिसतील या आशेने जागू नका. जहाज किनाऱ्यापासून बरंच लांबून जातं आणि तोवर रात्र असते. पण ऑफलाइन नकाशावर आपण कोणत्या किल्ल्यासमोर आलो ते बघत जाणं, हा मुलांसाठी चांगला खेळ आहे.

डॉल्फिन बघायचे असतील तर सकाळी ऊन चढायच्या आत, वारा पडलेला असताना जा. लाटांवर पांढरा फेस नसेल तरच त्यांची पाठ ओळखू येते. नाथसागरावर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) पक्षी बघायला जी दुर्बीण नेता तीच चालेल, फक्त ७ किंवा ८ पटीची असू द्या. १० पटीच्या वर गेलात की जहाजाचा थरकाप आणि हाताचा थरकाप मिळून काहीच स्थिर दिसत नाही.

सूर्यास्ताच्या वेळी मुलांना गुंतवायला काही आहे का?

दोघाजणांचा एक प्रयोग आहे. एकाने पाण्यापासून साधारण १० मीटर उंचीच्या डेकवर उभं राहायचं आणि दुसऱ्याने सगळ्यात वरच्या, ३० मीटरच्या आसपासच्या डेकवर. दोघांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवून घ्या. सूर्याची शेवटची कड बुडते तो क्षण दोघांनी लिहायचा. वरच्याला सूर्य सुमारे १५ सेकंद जास्त दिसतो. कारण १० मीटरवरून क्षितिज ११-१२ किलोमीटरवर असतं आणि ३० मीटरवरून सुमारे २० किलोमीटरवर. पृथ्वी गोल आहे, हे पुस्तकात वाचलेलं पोरांना स्वतःच्या घड्याळात सापडतं. क्षितिजावर ढगांची पट्टी असेल तर प्रयोग फसतो, मग दुसऱ्या दिवशी करा.

रात्री जेवणानंतर सगळे डिस्कोकडे जातात. ज्यांना ते नको त्यांनी काय करावं?

वरच्या उघड्या डेकवर पुढच्या बाजूला जावं. जहाज चालवणाऱ्यांना समोरचा अंधार नीट दिसावा म्हणून पुढच्या भागात दिवे कमी ठेवतात, त्यामुळे आकाश तिथूनच चांगलं दिसतं. फोन खिशात टाका आणि डोळ्यांना १५-२० मिनिटं द्या.

मग ध्रुव शोधा. मार्चनंतर संध्याकाळी सप्तर्षी वर असतात, त्यांच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ ध्रुवाकडे जाते. हिवाळ्यात शर्मिष्ठा या तारकासमूहाच्या आधाराने शोधा. आता एक हात ताठ पुढे करा, मूठ वळा आणि मुठीचा खालचा काठ क्षितिजावर टेकवा. एक मूठ म्हणजे जवळजवळ १० अंश. ध्रुव जितका वर, तितका आपला अक्षांश. परभणीत गच्चीवर मोजलात तर तो दोन मुठींना किंचित कमी, १९ अंशांच्या आसपास भरतो. गोव्याजवळ दीड मूठ होतो. कोचीपाशी तर एकच मूठ उरतो आणि धुरकट क्षितिजात पुष्कळदा दिसतही नाही. घरून निघायच्या आदल्या रात्री मोजून ठेवा आणि जहाजावर रोज रात्री त्याच हाताने मोजा. आपण दक्षिणेला किती सरकलो ते नकाशाशिवाय कळतं. फेब्रुवारीत दक्षिणेला अगस्त्य तारा दिसतो. आपल्याकडे तो बुटका वाटतो, कोचीकडे चांगला अडीच मुठी वर येतो.

यासाठी अमावस्येच्या आगेमागच्या तारखा बघा. लातूर-धाराशिवचा माणूस ऐन येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेत, अंबील आणि भज्जी सोडून समुद्रावर जाईल असं वाटत नाही, पण तिच्या दोन-तीन दिवस पुढेमागे आकाश तितकंच काळं असतं.

दुसरं जहाज दिसलं तर त्याचे रंगीत दिवे बघा. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, हा जगभरचा नियम. नुसता लाल दिसत असेल तर त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे, म्हणजे ते आपल्यासमोरून उजवीकडून डावीकडे चाललं आहे.

मळमळ झाली तर सगळी मजाच जाते. काय करावं?

केबिन निवडतानाच मधली आणि खालच्या डेकवरची घ्या. जहाज पुढच्या-मागच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर जास्त डोलतं. पोट रिकामं ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका. मळमळ सुरू झाली की खाली केबिनमध्ये पडून मोबाइल बघणं ही सर्वांत वाईट गोष्ट. डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, कान सांगतात हलतंय. त्या भांडणातून ओकारी येते. उघड्यावर या आणि क्षितिजाकडे बघत राहा.

आलेपाक, आवळासुपारी, लिंबू यांनी बऱ्याच जणांना बरं वाटतं. गोळी घेणार असाल तर ती आधी, तास-दीड तास अगोदर घ्यायची असते, उलटी झाल्यावर ती पोटात राहत नाही. बहुतेक गोळ्यांनी झोप येते. म्हातारी माणसं, गरोदर बायका, काचबिंदूचे किंवा प्रोस्टेटचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

त्या दिवसाची करमणूक कानांनी करा. नाट्यगीतं, कीर्तनं, ऐकायची पुस्तकं. वाचन आणि पत्ते दुसऱ्या दिवशी.

पत्ते न्यावेत का?

दोन जोड न्या, प्लॅस्टिकचे. जहाज १८ नॉटने चालत असेल तर तो ताशी ३३ किलोमीटर वेग झाला. तेवढा वारा नुसत्या चालण्यामुळेच अंगावर येतो आणि उघड्या डेकवर मांडलेला बदाम सात थेट अरबी समुद्रात जातो. आतल्या बैठकीची जागा धरा किंवा मागच्या बाजूच्या आडोशाला बसा.

मेंढीकोटाला चौघं लागतात. तीन-चार पिढ्या असल्या तर झब्बू किंवा चॅलेंज बरा, त्यात आठ-दहाजण मावतात आणि आज्जीला नातवाची थाप पकडता येते. पैसे लावून खेळू नका. जहाजावर सगळीकडे कॅमेरे असतात आणि शिवाय त्या खेळाचा शेवट रुसव्यात होतो. दोनजणांसाठी सापशिडीपेक्षा छोटा चुंबकी बुद्धिबळ न्यावा, सोंगट्या घरंगळत नाहीत.

आई-वडील, आज्जी-आजोबा कंटाळतील का?

संध्याकाळी गोंगाट वाढला की त्यांना नको होतं, आणि घोषणा इंग्रजी-हिंदीतून असल्यामुळे कुठे काय चाललंय ते समजत नाही. त्यांच्यासाठी पत्रकातल्या दोन वेळा मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्या.

पहाटेची वेळ त्यांची. साडेपाचला जाग येणाऱ्या माणसाला तोवर सगळं जहाज झोपलेलं दिसतं. पहाटेचा चहा कुठल्या डेकवर आणि कधीपासून मिळतो, हे पहिल्या संध्याकाळीच विचारून ठेवा. केबिनमध्ये किटली असेलच असं नाही आणि घरची न्यायला परवानगी नसते. मग चालण्याच्या पट्ट्यावर फेऱ्या माराव्यात. एक फेरी किती मीटरची ते बहुधा तिथे पाटीवर लिहिलेलं असतं. २०० मीटरची असेल तर पाच फेऱ्यांचा एक किलोमीटर. डेक पहाटे धुतात, तो ओला असतो, म्हणून पकड असलेली चप्पल हवी.

केबिनमध्ये निरांजन, उदबत्ती, कापूर काहीही पेटवता येत नाही. धूर ओळखणारी यंत्रणा लगेच ओरडते. बॅटरीची पणती न्या. संध्याकाळच्या हरिपाठाला मागच्या डेकचा एखादा शांत कोपरा चांगला. केबिनच्या भिंती पातळ असतात, तेव्हा आत टाळ नकोत.

लहान मुलांना कुठे गुंतवायचं?

मुलांसाठी वेगळी खोली असते. तीन वर्षांखालच्या मुलासोबत आई-बाप बसावे लागतात, त्यावरच्यांना सोडून जाता येतं. नेमकी वयाची अट आणि वेळा चढल्या चढल्या विचारून नाव घाला. घरून एक शंभरपानी वही, रंगपेटी आणि किनाऱ्याचा एक छापील नकाशा द्या. दर दोन तासांनी जहाज कुठे आहे तो ठिपका मारायचा आणि दोन ठिपक्यांतल्या अंतरावरून वेग काढायचा. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. उन्हाळी सुट्टीच्या गृहपाठापेक्षा यात पोरं जास्त रमतात.

पोहण्याचा तलाव नेहमीच भरलेला असतो, असं ऐकलं. खरं आहे का?

११ ते ५ या वेळेत खरं आहे. तलाव छोटा असतो आणि त्यात पोहण्यापेक्षा उभं राहणंच जास्त चालतं. सकाळी उघडल्या उघडल्या जा. दुसरी चांगली वेळ म्हणजे जहाज बंदराला लागून निम्मे लोक फिरायला उतरलेले असतात ती. सुती कपड्यांत उतरू देत नाहीत, नायलॉनचा पोहण्याचा पोशाख लागतो आणि तो जहाजावरच्या दुकानात महाग पडतो. समुद्र खवळला की तलाव बंद करतात, कारण त्यातलं पाणीही उसळ्या मारतं.

कॅसिनो, हौजी यांत पैसे जातात का?

जातात. सागरी हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत असते. ती ओलांडल्यावरच कॅसिनो उघडतो. बघायचं असेल तर रक्कम आधी ठरवा आणि कार्ड केबिनमध्ये ठेवून जा. हौजीच्या तिकिटालाही पैसे पडतात. फोटोग्राफर दिसेल तिथे फोटो काढतात, पण फोटो विकत घेण्याची सक्ती नसते. स्पा, मद्य, काही खास उपाहारगृहं, मुलांचे यांत्रिक खेळ, किनाऱ्यावरच्या सहली हे सगळं बहुधा तिकिटाच्या बाहेर असतं.

खाण्यापिण्यात वेळ जातो, पण आपल्या चवीचं मिळतं का?

शाकाहारी भरपूर मिळतं. जैन जेवण आधी कळवावं लागतं. ज्वारीची भाकरी आणि येसर आमटी मिळेल ही आशा सोडा. बाहेरचे पदार्थ बहुतेक जहाजांवर चालत नाहीत, तपासणीत धपाटे आणि ठेचा काढून घेतला की वाईट वाटतं. ते रेल्वेतच संपवा. बंद पाकिटातली शेंगदाण्याची चटणी चालेल का, हे कंपनीला लेखी विचारून घ्या. बुफेला जेवणाची वेळ उघडल्यावर लगेच न जाता ४० मिनिटांनी जा, रांग ओसरलेली असते. आणि साबणाने हात धुवा. जहाजावर पसरणाऱ्या उलटी-जुलाबाच्या विषाणूवर नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

खिडकी नसलेली केबिन घेतली तर कोंडल्यासारखं होईल का?

झोपण्यापुरती वापरलीत तर नाही. पण तिथे दिवस-रात्र कळत नाही, दिवे बंद केले की मिट्ट काळोख. लोक १० वाजेपर्यंत झोपतात आणि मग सकाळ गेली म्हणून हळहळतात. टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचा चॅनेल असेल तर तो आवाज बंद करून चालू ठेवा. उजाडलं की खोलीतही उजाडतं.

लक्षद्वीपच्या फेरीत उतरता आलं नाही, असं होतं का?

होतं. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटीतून किनाऱ्यावर नेतात. लाट मोठी असली की बोटी सोडत नाहीत आणि तो सगळा दिवस जहाजावरच काढावा लागतो. न वापरलेला एखादा सिनेमा, पुस्तक किंवा दिवाळी अंक त्या दिवसासाठी राखून ठेवा. बेटांसाठी प्रवेश-परवाना लागतो, त्याची कागदपत्रं बुकिंगवेळीच द्या.

मुंबईला उतरल्यावर गाडी रात्रीची आहे. तो दिवस कसा काढायचा?

जहाज सकाळी लागतं, बाहेर पडेपर्यंत ९-१० वाजतात. दुपारच्या वंदे भारत किंवा जनशताब्दीचं आरक्षण असेल तर थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठा, बॅलार्ड पिअरपासून ते दोन किलोमीटरच्या आत आहे. देवगिरीने किंवा लातूर एक्सप्रेसने जाणार असाल तर पूर्ण दिवस हाताशी असतो. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. तिथे तीन तास आरामात जातात आणि आतून ते गारही असतं. फिरताना फरशी हलल्यासारखी वाटली तर घाबरू नका, शरीर अजून लाटांवरच असतं. बहुधा एक-दोन दिवसांत ते थांबतं, महिनाभर टिकलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

क्लोकरूमवाले कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. जहाजावर बॅगा उघड्याच ठेवलेल्या असतात, त्यामुळे छोटी कुलपं केबिनच्या कपाटात विसरतात. उतरायच्या आदल्या रात्रीच ती चेनला अडकवून टाका.